बंद इंजिनाची राखण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या अब्बांचं सोलापुरात ऑइल इंजिन दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. सातारा रोडचं कूपर आणि पुण्याचं किर्लोस्कर ही नावं माझ्या कानावर बाराखडीच्या आधी पडली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. पुढच्या पंचवीसेक वर्षांत अनेक विहिरींवरची मोट गेली आणि इंजिन आलं.

१९७२ च्या दुष्काळात या इंजिनांचा आवाज थांबला. विहिरी तळाला गेल्या, माणसं खडी फोडायला गेली. मोहोळकडच्या एका शेतकऱ्याचं इंजिन तेव्हा अब्बांकडे खोललेलं होतं. सिलिंडर नुकताच बोअर करून आणलेला. तो म्हणाला, "मिस्त्री, राहू द्या तुमच्यापाशी. पाणी लागलं की नेतो." मी तेव्हा तीन वर्षांचा, ही हकिकत पुढे अब्बांकडूनच ऐकली.

सोलापूरची हवा कोरडी, इथं कसला गंज, असं आपल्याला वाटतं. पण हस्ताच्या पावसात हवा दमट होते. रात्री गार पडलेलं जाड ओतीव लोखंड लवकर तापत नाही. सकाळी त्यावर दव धरतं. छपराखाली ठेवलेला ब्लॉकही असा घामेजतो. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांपुढे गेली की, विशेषतः धुरकट हवेत, गंज झपाट्यानं वाढतो, हे इंग्लंडच्या व्हर्नन या शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगांनी दाखवलं. ताजं घासलेलं लोखंड तर उघडंच; हाताच्या घामाचा ठसाही त्यावर उमटतो.

अब्बांनी ब्लॉक रॉकेलनं धुतला, उन्हात चांगला तापवून कोरडा केला. सिलिंडरला आणि वरच्या सपाट भागाला घट्ट ग्रीस चोपडलं, बोल्टांच्या भोकांत तेल सोडलं. तेलकट कागद गुंडाळून फळ्यांवर ठेवला. दर अमावस्येला दुकान बंद असायचं, त्या दिवशी कागद उघडून पाहायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं बंदुका आणि यंत्रं समुद्रापार धाडली, तीही कॉस्मोलिन नावाच्या जाड ग्रीसमध्ये माखून. अब्बांना ते नाव ठाऊक नव्हतं, पण रीत तीच.

१९७३ ला पाऊस झाला. शेतकरी आला. ग्रीस पुसलं तर सिलिंडर आरशासारखा!

पुढे मी बी.ए.ला असताना असाच एक ब्लॉक अब्बांनी माझ्यावर सोपवला. ग्रीसनं हात कोण बरबटवणार? मी वरवर तेल पुसलं आणि गोणपाट गुंडाळून ठेवून दिलं. गोणपाटानं पावसाळाभर ओल धरली. उघडलं तेव्हा सिलिंडरला देवीच्या वणासारखे खड्डे होते. अब्बांनी मालकाला खरं ते सांगितलं आणि पुन्हा बोअर करण्याचा खर्च स्वतः सोसला. मला एवढंच म्हणाले, "लोखंड कामानं झिजतं ते दिसतं. पडून खातं ते दिसत नाही."

आज सोलापूरच्या फौंड्रीत ट्रॅक्टरचे ब्लॉक ओतले जातात. तयार सुटे भाग गंजरोधक वाफ सोडणाऱ्या कागदात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची सोय आता झाली आहे. पण विजेच्या मोटारी आल्यावर बाजूला सारलेली इंजिनं अजून कितीतरी बांधांवर दिसतात. वीज जाते तेव्हा त्यांची आठवण होते. आपल्या दारी असं एखादं असेल, तर पावसाआधी एकदा उघडून पाहा.