तळटीप : शिष्यवृत्त्या कापल्या म्हणजे काय झाले?

* मांजरी-हडपसरच्या कॉलेजात खेळणाऱ्या मुलाला या शिक्षेची धार चटकन कळणार नाही. आपल्याकडे बुटांपासून खुराकापर्यंतचा खर्च बहुधा घरच सोसते. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ (खेळ अंडाकृती चेंडूचा, अंगावर धडकण्याचा) तेव्हा ८५ शिष्यवृत्त्यांवर उभा असे. २३ जुलै २०१२ रोजी पेन स्टेट विद्यापीठाची ही मर्यादा ६५ वर आणली गेली. शिवाय ६ कोटी डॉलर दंड आणि हंगामोत्तर सामन्यांवर चार वर्षे बंदी. कारण भयंकर होते : माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की याने लहान मुलांचे लैंगिक शोषण केले होते आणि वरिष्ठांनी ते दडपल्याचा ठपका चौकशीत ठेवला गेला.

खेळाडूंना लगेच दुसरे विद्यापीठ गाठण्याची मुभा मिळाली. काही गेलेही. पण मायकेल मॉटी आणि मायकेल झॉर्डिच यांनी सहकाऱ्यांना मागे उभे करून, आम्ही इथेच खेळणार, असे दोनच दिवसांत जाहीर केले. नवे प्रशिक्षक बिल ओब्रायन यांनी उरलेल्यांना आणि शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या मुलांना घेऊन त्या हंगामात १२ पैकी ८ सामने जिंकले. २०१३ पासून शिक्षा सौम्य होत गेली. २०१६ मध्ये, जेम्स फ्रँकलिन प्रशिक्षक असताना, संघ बिग टेन गटाचा विजेता ठरला.

दंडाची रक्कम बालशोषण रोखण्यासाठी राखली गेली, ते योग्यच झाले. शिष्यवृत्त्यांची कपात मात्र त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नसलेल्या मुलांना भोगावी लागली. ती अन्याय्य होती, असे संपादकाचे स्पष्ट मत आहे.