पाच किलोमीटरवरचा देश

दोनला दुकानं बंद होतात आणि आता पावणेदोन झालेत.

शनिवार, 25 मार्च 1995. जर्मनीच्या पश्चिम टोकाचं आखेन शहर. तुम्ही आल्डीच्या रांगेत उभे आहात. हातात दूध, अंडी, दोन किलो कांदे, बटाट्यांची जाळीची पिशवी. आता चुकलात तर थेट सोमवार सकाळ, कारण शनिवारी दोनला शहराची शटर्स खाली येतात आणि रविवारी कुणी उघडत नाही. पैसे द्यायला तुम्ही दहा मार्कांची नोट काढता. तिच्यावर गणितज्ञ गाऊस आहे आणि त्याच्या बाजूला घंटेच्या आकाराचा तो आलेख, जो पुण्यात सांख्यिकीच्या तासाला तुम्ही कितीदा तरी काढलात. नोट मोडताना मनात गुणाकार होतोच: एक मार्क म्हणजे बावीस रुपयांच्या आसपास. इथलं पहिलंच वर्ष आहे, ही सवय सुटायला वेळ लागेल.

ज्या काळातून तुम्ही आलात, त्यातलं काहीच इथे बरोबर आणता आलेलं नाही. मोबाइल नाही, नकाशा दाखवणारा पडदा नाही. युरोसुद्धा नाही. ते नावच अजून ठरायचंय. याच वर्षी डिसेंबरात माद्रिदला ठरेल आणि नोटा हातात यायला 2002 उजाडेल. तुमच्याकडे आहे एक निळा भारतीय पासपोर्ट, त्यात चिकटवलेला जर्मनीत राहण्याचा परवाना, आणि बाहेर थांबलेला तुमच्या वसतिगृहातला सांगलीचा सीनियर.

"आवर की लवकर! पाचजण जमलेत, गाडी सुटंल."

पाचजण जमणं महत्त्वाचं आहे. जर्मन रेल्वेने नुकतंच एक तिकीट काढलंय. पंधरा मार्क, पाच माणसं, शनिवार-रविवार, देशभरातल्या सगळ्या साध्या गाड्या. माणशी तीन मार्क पडतात. ही बातमी विद्यार्थ्यांत अशी पसरली, की गाड्यांना गणपतीतल्या कोकणच्या एस.टी.ची गर्दी. तुम्ही दारापाशी पिशवीवर बसून कोब्लेन्झ पाहून आलात, ऱ्हाईन आणि मोझेल जिथे मिळतात तो संगम. त्यानंतर बॉन. आज कोलोन.

कोलोनच्या कॅथीड्रलबद्दल मी फार सांगणार नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की ते अंगावरच येतं. 157 मीटर उंच, 1248 साली पाया घातलेलं आणि 1880 साली पुरं झालेलं. मान वर करून तुम्ही पाहता आणि गप्प होता. पण मला तुम्हाला न्यायचंय ते मागच्या बाजूला, नदीकाठच्या जुन्या गल्ल्यांत. इथल्या भिंतींवर छातीच्या वर एक तपकिरी रेघ आहे. दोनच महिन्यांपूर्वी, 30 जानेवारीला, ऱ्हाईन इथे 10.69 मीटरपर्यंत चढली होती. सांगलीचा मित्र त्या रेघेवर तळहात ठेवतो, नखाने गिलावा खरवडतो.

"आतली ओल अजून सुटली नाही बघ. वरनं रंग दिला तर फुगणार." मग स्वतःशीच, "आमच्याकडं आयर्विन पुलाच्या खुणा बघत मोठं झालोय."

दारात उभा असलेला म्हातारा दुकानदार त्याची ती नखाची हालचाल बघतो. भाषा कळण्याचा प्रश्नच नाही. तो आत जातो, गिलाव्याचा एक सुटलेला पोपडा आणून त्याच्या हातावर ठेवतो, आणि दोघं तो पोपडा उलटसुलट करून बघत राहतात. युरोप पाहणं म्हणतात ते मला नेहमी अशा ठिकाणी घडलेलं दिसतं, मनोऱ्याच्या पायथ्याशी सहसा नाही.

रात्री नऊला आखेनला परत. खोलीच्या भिंतीवर स्टेशनातून आणलेला रेल्वेचा नकाशा आहे. तो आज नीट बघा. पूर्वेकडे लाल रेघांचं जाळं पोलंडच्या हद्दीपर्यंत गेलंय. पंधरा मार्कांत तिथवर जाता येतं. आखेन मात्र नकाशाच्या डाव्या कडेला लटकलंय. त्याच्या पलीकडे रेघा बोटाच्या पेराएवढ्या जातात आणि तुटतात. पुढे सगळं राखाडी. त्या राखाडीत, शहराच्या चौकापासून जेमतेम पाच किलोमीटरवर, फाल्स नावाचं डच गाव आहे. तुमचा एक जर्मन वर्गमित्र तिथेच राहतो, खोली स्वस्त मिळाली म्हणून. रोज सकाळी सायकलने एका देशातून दुसऱ्या देशात व्याख्यानाला येतो आणि संध्याकाळी परत जातो.

नोव्हेंबरात त्याने वाढदिवसाला बोलावलं होतं. तुम्ही गेला नाहीत. हॉलंड आणि बेल्जियमला जायचं तर बेनेलक्सचा वेगळा व्हिसा. त्यासाठी दुसऱ्या शहरातली वकिलात, रांग, फोटो, बँकेचं पत्र, फी, आणि मग वाट बघणं. एका वाढदिवसाच्या केकसाठी हे सगळं कुणी करत नाही. "सीमेवर कुणी नसतंच, ये की असाच," असं तो अगदी मनापासून म्हणाला होता. खरंच बहुतेक दिवशी कुणी नसायचं. पण ज्या दिवशी असेल, त्या दिवशी बसमधल्या कुणाकडे आधी बघितलं जाईल हे तुम्हाला ठाऊक होतं. त्याला ती रेघ दिसत नव्हती, कारण ती त्याच्यासाठी नव्हतीच. तुम्ही प्रोजेक्टचं कारण सांगितलंत.

आज रात्री ती रेघ जाणार आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाबाहेर गेले काही दिवस एक कागद लावलेला आहे आणि तुम्ही तो तीनदा वाचलाय. दहा वर्षांपूर्वी, 14 जून 1985 ला, लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी सही केली होती. त्या कराराचा अंमल आता होतोय, स्पेन आणि पोर्तुगाल धरून सात देशांत. अंमलबजावणीच्या करारात एक कलम तुमच्यासारख्यांसाठीही आहे: एका देशाने राहण्याचा परवाना दिलेला परका माणूस बाकीच्या देशांत तीन महिन्यांपर्यंत फिरू शकेल. वेगळा व्हिसा नको.

स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीने दचकणारे जर्मन आता दचकत नाहीत. वरणभात खाऊन तुम्ही बाबांचं पत्र पुन्हा वाचता. आजच आलंय, दहा दिवसांपूर्वीचं. राज्यात सरकार बदललं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. पाडवा जवळ आलाय. शेवटी, कडेच्या मोकळ्या जागेत, उभं लिहिलेलं: "तुझ्या त्या हॉलंडच्या मित्राकडे जायचा व्हिसा मिळाला का?"

बारा वाजतात. काहीच होत नाही. कुठे घंटा नाही, फटाके नाहीत. दोन वाजता आणखी एक गोष्ट घडते. मार्चचा शेवटचा रविवार म्हणून अख्खं जर्मनी घड्याळ एक तास पुढे सरकवतं, दोनचे थेट तीन. घर आजपासून साडेचार तासांऐवजी साडेतीन तासांवर.

सकाळी सांगलीचा मित्र दार ठोकतो. "चल. पासपोर्ट राहू दे आज." दोन पावलं जाऊन तो थांबतो. "नाही, घेच."

फाल्सचा रस्ता सरळ पश्चिमेला जातो. बस आहे, पण आज चालायचंय. घरं विरळ होतात, कुरणं लागतात. या शहराच्या कडेच्या शेतांतून काँक्रीटच्या बुटक्या सुळक्यांच्या रांगा गेल्यात. हिटलरच्या काळात रणगाडे अडवायला उभारलेल्या. अडले नाहीत. ऑक्टोबर 1944 मध्ये आखेन पडलं, अमेरिकनांच्या हाती गेलेलं पहिलं मोठं जर्मन शहर. आता सुळक्यांवर शेवाळ धरलंय आणि गाई त्यांना अंग घासतात. युद्धानंतर याच सीमेवरून रात्री कॉफीची पोती यायची, कारण जर्मनीत कॉफीवर किलोमागे दहा मार्क कर होता. जवळच्या श्मिट गावचं उद्ध्वस्त चर्च उभं करायला तस्करांनीही सढळ हाताने पैसा दिला. लोक त्या चर्चला अजून 'सेंट मोका' म्हणतात.

आणि मग ती चौकी. रस्त्याच्या कडेला एक छपराची खोली, काचेमागे रिकामी खुर्ची. तुमचा हात आपोआप जाकिटाच्या आतल्या खिशावर जातो. चाल जरा मंदावते, शेजारच्याचीही. मागून एक आजी सायकलवर येतात, टोपलीत पाव, आणि न बघता पुढे निघून जातात. कुणी हाक मारत नाही. डांबराचा रंग थोडा बदलतो, घरांच्या खिडक्या मोठ्या होतात, पाट्यांवरची अक्षरं लांबतात. तुम्ही हॉलंडमध्ये आहात.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की ही गोष्ट इथे संपत नाही. सातचे एकोणतीस देश होतील. आणि सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनी आपल्या सगळ्या भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू करेल. हल्ली शुक्रवारी रात्री स्वस्त विमान पकडून रविवारी परतणारी मुलं मला भेटतात तेव्हा मला त्यांचा आनंद वाटतो आणि थोडी काळजीही वाटते. त्यांच्या पायाखालची ही वाट कुणीतरी सही करून दिलेली आहे. सही करून दिलेलं परत घेता येतं.

पण आत्ता फाल्समध्ये भूक लागली आहे. कोपऱ्यावरच्या कॅफेत काचेखाली मोठ्या थाळीएवढे गोल टार्ट मांडलेत. त्यांना इथे फ्लाय म्हणतात. चेरीचे, जर्दाळूचे. आणि एक पांढरट, वर खरपूस डाग पडलेला. तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवता.

पहिला घास. कड मऊ, आंबवलेल्या पिठाची. आत दाट, गोड, गरगटलेले दाणे. तुम्ही काटा थांबवता. हा तांदूळ आहे! दुधात शिजवून आटवलेला तांदूळ, भाकरीएवढ्या पोळीत ओतून भट्टीत भाजलेला. वेलदोडा नाही, केशर नाही. व्हॅनिलाचा वास आणि अंडं. पण वरचा तो करपट तपकिरी थर दाताखाली येतो आणि तुम्ही थेट घरच्या पितळी पातेल्याच्या तळाशी पोचता. खीर जरा लागली की धरते ती खरवड, जिच्यासाठी भावंडांत भांडणं व्हायची.

"रायस्तेफ्लाय," काउंटरमागची बाई सांगते. तुम्ही जर्मनमध्ये विचारता, ती आखेनच्या लोकांसारख्याच बोलीत उत्तर देते, कारण सीमेच्या दोन्ही बाजूंची जुनी बोली एकच आहे. आखेनमध्ये यालाच राइसफ्लाडन म्हणतात. पलीकडे बेल्जियममधल्या वेर्व्हिएला तार्त ओ री. तुम्ही सहा महिने आखेनच्या बेकऱ्यांवरून जात होता, हीच पोळी काचेत होती आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत. पैसे मार्कांत चालतात, सुटे गुल्डनमध्ये परत येतात.

गावातून टेकडीवर जाणाऱ्या रस्त्याचं नाव फीरग्रेन्झनवेख, म्हणजे चार सीमांचा रस्ता. वर तर तीनच देश मिळतात. चौथा कुठे गेला? तो होता, 1816 पासून 1920 पर्यंत. जस्ताच्या खाणीवरून डच आणि प्रशियन राजांचं जमेना, म्हणून साडेतीन चौरस किलोमीटरचा एक तुकडा कुणाचाच नाही असं ठरलं. नाव न्यूट्रल मोरेस्ने. खाण 1885 मध्ये संपली, पण देश मागे उरला. 1908 मध्ये तिथल्या एका डॉक्टरने त्याला एस्पेरांतो बोलणारं राष्ट्र करायचा घाट घातला होता. महायुद्धानंतर तो बेल्जियमला मिळाला. देश गेला, त्याची सीमा रस्त्याच्या पाटीवर राहिली.

माथा 322 मीटरचा. डच लोकांसाठी हे देशातलं सर्वोच्च टोक. सांगलीचा मित्र श्वासही न लागता वर पोचतो. त्याचं सपाट गाव याहून दोनशे मीटर उंचावर आहे. वर दगडी खुणेभोवती आईबाप मुलांचे फोटो काढतायत. एक छोटी मुलगी एका पायावर उड्या मारत दगडाभोवती फिरते: जर्मनी, बेल्जियम, हॉलंड, जर्मनी. तुम्ही दोघं बाजूला उभे राहता, मग गर्दी हटली की हळूच, कुणी बघत नाही असं वाटल्यावर, तुम्हीही एक फेरी मारता. बेल्जियमच्या बाजूला थोडं जास्त थांबता. जंगलाचा उतार, ओली पानं, दूर एक चर्च. इथून पुढे रस्ता जातो.

संध्याकाळी खोलीवर पासपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवण्याआधी तुम्ही तो चाळता. आजच्या दिवसाचा एकही शिक्का नाही. टेबलावर पंचवीस सेंटचं एक डच नाणं आहे, तेवढंच. तुम्ही निळं हवाईपत्र उघडता. यात जागा मोजकी, म्हणून बारीक अक्षर.

"तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र काल मिळालं. आज चालत हॉलंडला जाऊन येणं झालं, थोडं बेल्जियमही. व्हिसा लागला नाही, कसा ते पुढच्या पत्रात सविस्तर. आईला सांगा, तिकडे खिरीची पोळी मिळते, आणि खरवड वर असते."