एसीचा कपॅसिटर बदलताना...

एसी सुरू असूनही खोली थंड होत नाही, बाहेरच्या युनिटमधून नुसताच घुमल्यासारखा आवाज येतो, पंखा फिरत नाही किंवा कॉम्प्रेसर सुरू होताच बंद पडतो. अशा वेळी दोष अनेकदा कपॅसिटरचा असतो. घरगुती वीज सिंगल फेज असल्याने मोटारीला फिरण्यासाठी लागणारे साहाय्य हा भाग देतो. तो फुगला असेल किंवा त्यातून तेल पाझरत असेल, तर बदलणेच योग्य. या कामाचा गॅस भरण्याशी संबंध नसतो, हेही ग्राहकांनी ध्यानात ठेवावे.

वीज बंद, तरीही धोका

वीजपुरवठा तोडल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो व त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. रिमोटने एसी बंद करणे म्हणूनच पुरेसे नाही. एसीचा एमसीबी बंद करावा, घरातील मंडळींना तशी कल्पना द्यावी आणि युनिटमध्ये वीज येत नसल्याची खात्री मल्टिमीटरने करून घ्यावी.

त्यानंतर २० हजार ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने धरून कपॅसिटरच्या टोकांना सुमारे १० सेकंद लावावा. दुहेरी कपॅसिटरमध्ये ‘सी’ व ‘हर्म’ आणि ‘सी’ व ‘फॅन’ या दोन्ही जोड्यांबाबत ही कृती करावी. डीसी व्होल्ट शून्यावर आल्याचे मल्टिमीटरवर पाहिल्याखेरीज टोकांना हात लावू नये. स्क्रूड्रायव्हरने टोके जोडण्याची रूढ पद्धत घातक आहे. त्यात ठिणगी उडून इजा होऊ शकते.

नवा भाग निवडताना

तारा काढण्यापूर्वी जोडणीचे छायाचित्र घ्यावे. नवा कपॅसिटर जुन्याइतक्याच मायक्रोफॅरडचा असावा. व्होल्टची क्षमता मूळ भागाइतकी किंवा अधिक चालते. मात्र ४४० व्होल्टच्या जागी ३७० व्होल्टचा बसवू नये. तो घट्ट बसवून, झाकण लावल्यानंतरच एमसीबी सुरू करावा.

तंत्रज्ञ केव्हा बोलवावा?

इन्व्हर्टर एसीच्या सर्किट बोर्डावरील कपॅसिटर उच्च दाबाचे असतात. त्यांना घरी हात लावू नये. मल्टिमीटर वापरता येत नसेल, वॉरंटी शिल्लक असेल किंवा युनिट इमारतीच्या बाहेरील भिंतीवर असेल, तर प्रशिक्षित तंत्रज्ञच बोलवावा. उंचावरून तोल जाण्याचा धोका विजेच्या झटक्याइतकाच गंभीर असतो.