बीडची जुनी राजधानी

आमच्या घरी आजोबांची एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात जमिनीचे कागद आहेत, सगळे उर्दूत. आजोबांना ते वाचता येत, वडिलांना अडखळत येत, मला मुळीच येत नव्हते. शेवटी बीडमधल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ते वाचून दाखवले. सन फसली, रक्कम हाली रुपयांत, जिल्ह्याचे नाव 'भीर' आणि शेवटचा हुकूम हैदराबादचा. माझे गाव कोणत्या शहराच्या हुकुमाने चालत होते, ते त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने कळले.

दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. त्या दिवशी हैदराबादचे नाव निघते ते निजाम आणि रझाकार यांच्यापुरते. जुलमाचा तो इतिहास खराच आहे, आणि तो विसरता कामा नये. पण ज्या शहरातून जवळजवळ पावणेदोनशे वर्षे आपला कारभार चालला, त्याची ओळख तेवढ्यावर संपत नाही.

हैदराबाद वसले १५९१ साली, कुतुबशाहीत. निजामांची आधीची राजधानी मात्र औरंगाबाद, म्हणजे बीडला जवळची. १७६३ साली गोदाकाठी, आजच्या गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, माधवराव पेशव्यांनी निजाम अलीचा पराभव केला. त्याच निजाम अलीच्या काळात राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली आणि बीड राज्याच्या पश्चिम कडेला पडले. पुढे राज्याचे सोळा जिल्हे झाले. त्यांपैकी पाच मराठी. दरबारची भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकापासून उर्दू. शेतकऱ्याची भाषा एक आणि त्याच्या सातबाऱ्याच्या पूर्वजांची दुसरी, ही स्थिती तेव्हापासूनची.

१९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. इंग्रजीऐवजी उर्दूतून विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवण्याचा तो प्रयोग देशात मोठाच होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले गेले. मात्र बीडच्या मराठी मुलासाठी इंग्रजीची भिंत गेली आणि त्या जागी उर्दूची आली. ज्ञान देशी भाषेत आले, पण त्याच्या भाषेत आले नाही.

आता याच शहराची दुसरी बाजू पाहू. मराठवाड्यातल्या मराठीला आसरा मिळाला तो बराचसा तिथेच. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींनी हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा काढली. १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. १९३१ चे मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले, अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर. वकिली, नोकरी, शिक्षण यांसाठी गेलेला मराठी माणूस तिथे तेलुगू आणि कन्नड शेजाऱ्यांना भेटला. आपले गाऱ्हाणे एकट्या आपले नाही, हे त्याला त्या गर्दीत उमगले.

स्वामी रामानंद तीर्थांचा प्रवास याच वाटेचा. १९३५ पासून ते अंबाजोगाईच्या, तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी शाळेत होते. १९३८ साली शाळा सोडून ते हैदराबादला सत्याग्रहासाठी गेले. त्याच वर्षी उस्मानियाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्'वरून आंदोलन पेटले. काढून टाकलेल्या कित्येक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. निजामाच्या विद्यापीठातूनच निजामाला आव्हान देणारी पिढी बाहेर पडली. पुढे हैदराबाद राज्याच्या भाषावार विभाजनाचा आग्रह धरणारे स्वामीजी १९७२ साली वारले ते हैदराबादेतच. त्यांची समाधीही तिथे बेगमपेठेत आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बीडला नवी राजधानी मिळाली. पण राजधानी बदलते एका दिवसात, वाटा बदलायला पिढ्या जातात. मराठवाड्यातली महाविद्यालये १९५८ पर्यंत उस्मानियाशीच जोडलेली होती. हायकोर्टाच्या कामाला हैदराबादऐवजी मुंबई गाठावी लागली. औरंगाबादचे खंडपीठ १९८१ साली झाले. रेल्वेचे तर विचारूच नका. परळीला ती निजामाच्या काळातच आली होती. बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी.

हैदराबाद आता पुन्हा आपल्या दारात आले आहे. कुणबी नोंदींसाठी २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीला हैदराबादची दप्तरे पाहावी लागली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने 'हैदराबाद गॅझेटिअर' हा शब्द पारावर नेला. इनामी आणि देवस्थानच्या जमिनींच्या वादात आजही निजामकाळचा मुंतखब पुढे येतो. कोण कोणत्या जातीचा, कोणती जमीन कुणाची, याचा पुरावा आपण मोडी आणि उर्दू कागदांत शोधतो आहोत. ते वाचणारे मात्र जिल्ह्यात थोडे उरले आहेत. ज्याला वाचता येते तो सांगेल तेच खरे मानायची पाळी इतरांवर येते. आजोबांच्या काळात अडाणी माणसाची जी गत होती, तीच आज पदवीधरांची आहे.

म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर मी त्याच शिक्षकांकडे अलिफ-बे गिरवायला बसलो. अजून अडखळतो. पण परवा ट्रंकेतल्या एका कागदावरचे सन माझे मला लागले : १३४०. त्यात ५९० मिळवले, १९३० आले. खाली आजोबांच्या वडिलांचे नाव होते. ते कुणी वाचून दाखवावे लागले नाही.