सायकलचें पायडल : पकड आणि सुटका

घोड्यावर बसणाऱ्याला रिकीब जितका आधार देते तितकेंच भयहि दाखविते. रिकिबींत पाय पक्का असला म्हणजे मांड स्थिर राहते. पण स्वार खालीं आला आणि पाय रिकिबींतच अडकला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. पाय धरून ठेवणारें साधन तो वेळेवर सोडीलहि काय, हा प्रश्न त्यामुळें फार जुना आहे. सायकलच्या इतिहासांत तोच प्रश्न पुन्हां उभा राहिला, आणि त्याचें समाधानकारक उत्तर मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

सायकलच्या पहिल्या अवतारांत हा प्रश्नच नव्हता. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल द्राइस यानें जी दुचाकी चालविली तिला पायडलेंच नव्हतीं. स्वार जमिनीवर पाय मारीत पुढें जाई. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पुढच्या चाकाला पायडलें बसलीं, आणि पिएर लालमाँ या कारागिरानें १८६६ सालीं अमेरिकेंत त्यांचें पेटंट घेतलें. १८८५ सालीं इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें साखळीवर चालणारी 'रोव्हर' सायकल तयार केली आणि आजच्या सायकलचा घाट ठरून गेला. वेग वाढला, तसें पाऊल पायडलावरून घसरूं लागलें. भरवेगांत पाऊल घसरलें कीं फिरतें पायडल नडगीवर आदळतें आणि तोल जातो.

शर्यतीच्या स्वारांनीं यावर जो उपाय योजिला तो टो-क्लिपचा. चवड्यापुढें तारेचा किंवा पत्र्याचा एक पिंजरा आणि वरून चामडी पट्टा, अशी ही योजना. पट्टा आवळला कीं पाऊल हलत नसे. पण थांबावयाचें झाल्यास आधीं खालीं वांकून तो हातानें सैल करावा लागे. एवढा अवसर न मिळाल्यास सायकल आणि स्वार दोघेंहि एकदमच आडवीं होत. असें असूनहि शर्यतींत या साधनानें अनेक दशकें राज्य केलें.

यापेक्षां चांगली कल्पना कोणास सुचली नव्हती असें नाहीं. १८९५ सालींच चार्ल्स हॅन्सन या अमेरिकन गृहस्थानें, जोडा किंचित् वळवितांच अडकेल व वळवितांच सुटेल, असें पायडल योजिलें होतें. कल्पना अचूक होती, परंतु ती रूढ झाली नाहीं. पुढें १९७१ च्या सुमारास इटलींतील प्रसिद्ध सायकलकार चीनो चिनेल्ली यानें 'एम ७१' हें पायडल काढलें. त्यांत पट्टा नव्हता. जोड्याच्या तळव्याचा तुकडा पायडलाच्या खांचेंत सरकून खटक्यानें पक्का होई. पण तो खटकाहि खालीं वांकून हातानेंच सोडवावा लागे. स्वारांनीं त्या तुकड्याला मृत्यूच्या नांवानें ओळखावें, यांतच त्याची कीर्ति कळून येते. पकड साधली होती. सुटका साधली नव्हती.

ती साधली एका निराळ्याच खेळाच्या अनुभवांतून. मध्य फ्रान्समधील नव्हेर येथील लूक ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कीचीं बंधनें तयार करीत असे. स्कीवर पडलेल्या मनुष्याचा पाय पिळवटला आणि बंधन सुटलें नाहीं तर हाड मोडतें. म्हणून विशिष्ट जोर बसतांच आपोआप सुटणारें बंधन हेंच तिचें मुख्य कौशल्य होतें. १९८४ सालीं तिनें तेंच तत्त्व पायडलास लाविलें. चवडा दाबला कीं स्प्रिंग पकडते. टाच बाहेर वळविली कीं स्प्रिंग सोडते. हाताचें कामच उरलें नाहीं. १९८५ सालीं बेर्नार इनो यानें याच पायडलांवर फ्रान्सची महाशर्यत जिंकली आणि साशंक मंडळींची तोंडें बंद झालीं. टो-क्लिप गेली म्हणून या पायडलांस 'क्लिपलेस' म्हणूं लागले. पाऊल तर पूर्वीपेक्षांहि घट्ट धरलेलें, आणि नांव मात्र क्लिप नसलेलें!

इकडे अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील मरीन परगण्यांत कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरत होते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं तेथें 'रीपॅक' ही उताराची पहिली शर्यत झाली. त्या उतारावर हबमधील ब्रेक इतका तापे कीं त्यांतील वंगण जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे; त्यावरूनच शर्यतीस हें नांव पडलें. याच खटाटोपांतून माउंटन बाइक जन्मास आली. परंतु रस्त्यावरच्या शर्यतीचें पायडल डोंगरावर कुचकामी ठरे. तेथें स्वाराला वारंवार उतरावें लागतें, दगडांवरून चालावें लागतें; तळव्याबाहेर आलेला तुकडा त्याला धड पाऊल टाकूं देत नाहीं. १९९० सालीं जपानच्या शिमानो कंपनीनें यावर तोड काढली. तिनें पोलादाचा लहानसा तुकडा जोड्याच्या जाड तळव्यांतील खोलगट जागेंत बसविला आणि पायडल दोन्ही बाजूंनीं पकडील असें केलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील डुरँगो येथें माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली.

यंत्राची अडचण संपली. माणसाची मात्र तेथूनच सुरू झाली. तोल जाऊं लागला कीं पाय सरळ वर उचलून जमिनीवर टेकावा, ही मनुष्याची लहानपणापासूनची संवय. या पायडलावर नेमकी तीच व्यर्थ ठरते. पाय जितका वर ओढावा तितका अडकून राहतो. त्याला टाच बाहेर वळविण्याची नवी भाषा शिकवावी लागते. म्हणूनच नवशिका सहसा वेगांत पडत नाहीं. तो पडतो थांबतांना, चौकांत, किंवा चढावर चाक मंदावून उभें राहिलें असतां. जखम बहुधा कोपराला होते आणि अभिमानाला.

अनुभवी लोक यासाठीं कांहीं साधे नियम सांगतात. प्रथम स्प्रिंग सैल ठेवावी. भिंतीला हात टेकून अडकविणें-सोडविणें शेंकडों वेळां करावें. मग हिरवळीवर चालवावें, म्हणजे पडल्यास फारसें लागत नाहीं. थांबण्याच्या बरेंच आधीं एक पाय मोकळा करावा, आणि तो नेहमीं तोच असावा. डोंगरांत चिखलानें खांच भरते, हेंहि ध्यानांत ठेवावें. कांहीं आठवड्यांनीं टाच आपोआप वळूं लागते, आणि स्वाराला त्याची आठवणहि राहत नाहीं.

एवढ्या खटपटीचें फळ काय? पायडल वर ओढून पुष्कळ शक्ति मिळते, ही समजूत प्रयोगशाळेंतील मापनांत फारशी टिकली नाहीं. मुद्दाम वर ओढणाऱ्याचा श्रम उलट वाढतो असें आढळलें. खरा लाभ आहे तो खडबडीत वाटेवर पाऊल जागचें न हलण्याचा. आणि तोहि सर्वांनाच हवा असतो असें नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिल यानें २००६, २००७ आणि २०१० सालीं उताराच्या शर्यतीचें जागतिक विजेतेपद साध्या सपाट पायडलांवर मिळविलें. वाटेल तेव्हां पाय मोकळा करतां येणें हेंच त्याचें बळ होतें.

चामडी पट्ट्यापासून पोलादी खटक्यापर्यंतच्या या वाटचालींत पाऊल घट्ट धरण्याची विद्या लवकर हस्तगत झाली. ते वेळेवर सोडण्याची विद्या मात्र सर्वांत उशिरा आली. आणि तीहि यंत्रांत अर्धीच आहे. उरलेली अर्धी प्रत्येक स्वाराच्या टाचेला स्वतःच शिकावी लागते.