कापसाच्या मुलखातला टाफेटा

माझा टाफेटाचा पहिला फ्रॉक मला आठवतो तो आवाजाने. चाललं की तो सळसळायचा. साल १९६०. मामाचं लग्न होतं, मी नऊ वर्षांची होते आणि तसलाच फ्रॉक हवा म्हणून दोन दिवस रुसून बसले होते.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस पिकवणारं. आजीचं नऊवारी लुगडं सुती, आईचं पातळ सुती, माझे झगेही सुतीच. वेचलेला कापूस बंडीने जिनिंगमध्ये जायचा. सरकी निघाली की रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेजवरची 'शकुंतला' मुळात या कापसासाठीच आलेली.

टाफेटा हे नाव फारसी 'ताफ्ता'वरून आलं. मूळचं हे रेशमी कापड, घट्ट आणि ताठ विणीचं. १९४७ साली पॅरिसमध्ये ख्रिस्तियान दिऑरने घेरदार पोशाखांची फॅशन आणली. घेर फुगलेला ठेवायला असं ताठ कापड सोयीचं होतं. युद्धकाळात कापड मोजूनमापून वापरलेल्या बायकांना तो घेर म्हणजे सुटकाच वाटली. पुढे रेशमाच्या जागी रेयॉन, ॲसिटेट, नायलॉनचे धागे आले आणि टाफेटा स्वस्त झाला. आपल्याकडे कल्याणजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५६ मध्ये सुरू झाला. घेरदार फ्रॉकची हौस आमच्यापर्यंत पोहोचवली ती हिंदी सिनेमाने.

रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होतं, असं दुकानदाराने सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "आपन कापूस पिकवतो अन् पोरीले लाकडाचं कापड पाह्यजे!" तरी अडीच वार घेतलंच. आई मात्र त्या फ्रॉकवर मला चुलीजवळ फिरकू देत नसे. ठिणगी पडली तर भुर्रकन पेटेल, ही तिची धास्ती खोटी नव्हती.

बाबांच्या बोलण्यातली काळजी मला फार उशिरा उमगली. टेरिलीन आलं, पॉलिएस्टर आलं. कापूस पिकवणाऱ्यांच्याच घरात सुती कपडा मागे पडत गेला. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तीही पुढे संपली. भावाची चिंता मात्र शेतकऱ्याच्या दारातून हलली नाही.

फ्रॉक दोन वर्षांत घड्यांवर विरला. आजीच्या लुगड्याची गोधडी मात्र मी अजून पांघरते. त्या वर्षी बाबांनी स्वतःसाठी नवं धोतर घेतलं नव्हतं, हे आईने मला सांगितलं ते माझ्या लग्नात.