हॅलोला अर्थ नाही, तेच बरं!

ग्रॅहम बेलच्या मैत्रिणीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, म्हणून आपण फोनवर हॅलो म्हणतो म्हणे. पूर्वी हे ढकलपत्रांतून यायचं, आता व्हॉट्सअॅपवर येतं. साफ खोटं! बेलची बायको मेबल हबर्ड. तिला ऐकू येत नव्हतं. आणि बेलसाहेबांना स्वतःला फोनवर 'अहॉय' पसंत होतं. हॅलो सुचवलं एडिसनने. १५ ऑगस्ट १८७७ च्या पत्रात तो लिहितो की फोनला घंटीची गरज पडणार नाही, हॅलो १० ते २० फुटांवर ऐकू येतं. त्याआधी असे शब्द म्हणजे लांबच्या माणसाला मारलेली हाळी. आपलं "ओ भाऊ!" म्हणा ना.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कर्मचाऱ्यांना हॅलोऐवजी वंदे मातरम म्हणायचं आवाहन केलं. हॅलोला अर्थच नाही, हे त्यामागचं एक कारण. खरंय. पण मला तर ते त्यासाठीच आवडतं.

आपल्याकडच्या अभिवादनांना अर्थ जरा जास्तच. आमच्या चाळीसगावकडे राम राम. पण गावगाड्यात महारांनी वरच्या जातींना घालायचा तो जोहार. "जोहार, मायबाप!" तोंड उघडताच कोण वर, कोण खाली ते ठरलेलं.

ही उतरंड नुसती बोलण्यातली नव्हती. १९२९ च्या ऑक्टोबरात डॉ. आंबेडकर सरकारी चौकशी समितीच्या कामासाठी खानदेशात आले होते. चाळीसगाव स्टेशनवर वस्तीतल्या लोकांनी त्यांना आग्रहाने मुक्कामाला थांबवून घेतलं. पण टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकेनात. शेवटी तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने देऊ, हाकणार मात्र नाही! मग वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. मी गावातच शिकलो, पण शाळेत हे कुणी सांगितलं नाही.

'जय भीम' रुजवण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना देतात. ते १९३९ मध्ये ऐन तरुणपणी गेले. त्याला उत्तर 'बल भीम' असावं अशी त्यांची कल्पना होती म्हणतात. ते काही टिकलं नाही, आता दोन्हीकडून जय भीमच. जोहारासारखं ते खालून वर जात नाही.

हल्ली फोनवर नाव आधीच दिसतं. त्यामुळे गावाकडून फोन आला की थेट राम राम नाहीतर जय भीम. हॅलो उरलंय ते अनोळखी नंबरांपुरतं.